अपघातात सापडलेली किट सुपरकार रस्त्यावर आणायची तर: शर्यतीच्या एका ड्रायव्हरला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ब्रिटनमध्ये क्लब पातळीवर शर्यती चालवतात. त्यांनी अपघातात सापडलेली एक अल्टिमा जीटीआर, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून बांधायची, इंजिन सीटमागे असलेली सुपरकार, विकत घेतली आहे. पुढचा डावा कोपरा चेपलेला, नाकाचं फायबर फुटलेलं, डावीकडचे विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे त्रिकोणी हात) वाकलेले. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरून शाबूत दिसतात. आधीच्या मालकाने ट्रॅकसाठी तिच्यात बरेच बदल केले होते, पण नोंदणी रस्त्याचीच आहे आणि विमा कंपनीने तिला ‘एस’ श्रेणीत टाकलं आहे. त्यांना ही गाडी शर्यतीला नको, रस्त्यावर चालवायला हवी आहे. ते विचारतात: ही वाचवण्यासारखी आहे का? सुरुवात कुठून करू? आणि केज (केबिनमधला नळ्यांचा पिंजरा), हार्नेस (शर्यतीचे सीटचे पट्टे), रेसचे ब्रेक पॅड, कडक स्प्रिंग हे सगळं आहे तसं ठेवलं तर चालेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चासी मोजल्याशिवाय कोणीही देऊ शकणार नाही. फोटो बघून जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच: मोजण्यापासून सुरुवात करा. तिसऱ्याचं उत्तर बहुतांशी ‘नाही’ असं आहे, आणि त्याची कारणं मी पुढे सविस्तर देतो.

त्याआधी एक गोष्ट, जी शर्यतीच्या ड्रायव्हरला स्पष्ट सांगावी लागते. या कामात तुमचं कौशल्य तुमच्याच विरोधात जाऊ शकतं. चांगला ड्रायव्हर गाडीचा दोष हातांनी भरून काढतो. ब्रेक डावीकडे ओढत असेल तर तो तेवढंच स्टीअरिंग उजवीकडे धरतो, आणि दोन लॅपनंतर आपण असं करतोय हे त्याच्या ध्यानातही राहत नाही. मागची चाकं सुटायला लागण्याआधीच त्याचे हात वळलेले असतात. शर्यतीत हेच हवं असतं. दुरुस्त केलेली गाडी पारखताना मात्र त्यामुळे दोष झाकला जातो. रस्त्यावर ती गाडी तुम्ही दमलेले असताना, अंधारात, पावसात, शेजारी कोणीतरी बोलत असताना चालवणार आहात. तिथे प्रत्येक सत्रानंतर पिटमध्ये येऊन नट-बोल्ट तपासणारं कोणी नाही. रस्त्यासाठी गाडी हळू करावी लागत नाही, ती सहनशील करावी लागते. पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घ्या.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण पाना हातात घेण्याआधीचा आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून विम्यात बाद झालेल्या गाड्यांच्या चार श्रेणी आहेत. ‘ए’ आणि ‘बी’ परत रस्त्यावर येऊच शकत नाहीत. ‘बी’चे सुटे भाग तेवढे वापरता येतात. ‘एन’ म्हणजे सांगाड्याला धक्का नाही. ‘एस’ म्हणजे सांगाड्याला इजा झाली आहे, पण दुरुस्त करून गाडी परत आणता येते. ‘एस’ गाडीचं नोंदणीपत्र डीव्हीएलएकडून, म्हणजे ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याकडून, नव्याने घ्यावं लागतं आणि श्रेणीची नोंद कायम राहते. तुमच्या गाडीच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न असा की मूळ चासी राहणार की बदलणार. नुसती दुरुस्ती करणं, त्याच नमुन्याची नवी चासी घेणं आणि चासीच्या रचनेतच फेरफार करणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ऑगस्ट २०२५ पर्यंत तिसऱ्या वाटेने गेलात तर गाडीची ओळखच नव्याने ठरवायची वेळ येऊ शकत होती, आयव्हीए तपासणीला (एकेकट्या गाडीच्या मान्यतेची तपासणी) पुन्हा उभं राहावं लागू शकत होतं आणि नंबरप्लेट ‘क्यू’ची, म्हणजे ओळख अनिश्चित असलेल्या गाडीची, मिळू शकत होती. तेव्हा नियम बदलले. म्हणून करवत लावण्याआधी डीव्हीएलएला लेखी विचारा आणि लेखी उत्तर फाइलमध्ये ठेवा.

आणखी एक. ‘एस’ गाडी दुरुस्त झाल्यावर कोणी सरकारी माणूस येऊन तुमची वेल्डिंग बघत नाही. वार्षिक एमओटी तपासणी आहे, पण ती गाडी न खोलता होते. पॅनेलखाली काय आहे ते तिला दिसत नाही. कायदा विचारत नाही म्हणून तुम्ही स्वतः विचारून घ्यायचं. स्वतंत्र इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, आणि तीही पॅनेल लावायच्या आधी, नळ्या उघड्या असताना. विमा कंपनीशी बोलतानाही तोच अहवाल तुमच्या कामी येईल.

चासीकडे येऊ. जीटीआर १९९९ पासूनची. बांधणी सरळ आहे: पोलादी नळ्यांचा स्पेसफ्रेम, त्यावर फायबरची बॉडी, मध्ये शेव्हरोलेचं व्ही८, मागे ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र), चारही कोपऱ्यांत दुहेरी विशबोन. हा सांगाडा माणसाला कळतो, पोहोचतो आणि दुरुस्त करता येतो. मॅक्लारेनने आपल्या एफ१ गाडीचे भाग पारखायला याच घराण्यातल्या एमके३च्या दोन गाड्या वापरल्या होत्या. ‘अल्बर्ट’वर गिअरबॉक्सच्या चाचण्या झाल्या, ‘एडवर्ड’वर व्ही१२ इंजिनाच्या. नळ्यांच्या सांगाड्यात हवं ते कापून जोडून बघता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मात्र नळ्यांची चासी बाहेरून सरळ दिसत असतानाही आतून हललेली असू शकते. धक्का एका नळीत शिरतो, तिच्या टोकाशी तिघा-चौघा नळ्यांत वाटला जातो, आणि खरी इजा धडकेच्या जागेपासून दोन सांधे मागे सापडते.

गाडी पूर्ण उघडी करा. बॉडी, सीट, डाव्या बाजूचं सगळं सस्पेन्शन, पेडल, टाक्या, शक्य असेल तर इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सलही बाहेर. चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) समतल ठेवा आणि घोड्यांखाली पत्रे सरकवून ती समतलच राहील असं बघा. इजा न झालेला मागचा भाग आधार धरा. मागच्या बल्कहेडच्या (केबिनमागच्या आडव्या चौकटीच्या) मुख्य नळ्यांवरून मध्यरेषा काढा. मग प्रत्येक विशबोन जिथे बसतो त्या बिंदूवरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर फुली मारा. सगळ्या फुल्या झाल्या की चासीखालून बाहेर या आणि कर्ण मोजा. डाव्या-उजव्या बाजू मध्यरेषेशी जुळतात का ते बघा, प्रत्येक बिंदूची जमिनीपासूनची उंचीही घ्या. लेझर असेल तर उत्तम, पण ओळंबा, खडू आणि चांगली टेप यांनी मिलिमीटरपर्यंत पोहोचता येतं. हाताने बांधलेल्या चासीत मुळातही थोडा फरक असतो, त्यामुळे एखाद्या मिलिमीटरने मी घाबरत नाही. दोन मिलिमीटर दिसले की कारण शोधतो. तीनच्या पुढे गेलं की तो कोपरा कापायचा असं धरून चालतो. ब्रॅकेट सरकवून किंवा रॉडएंड (सस्पेन्शनच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) फिरवून अलाइनमेंट ‘जुळवून’ घेण्याचा मोह होईल. ते करू नका. त्याने चाक उभं दिसेल, पण सस्पेन्शन वर-खाली होताना दोन्ही बाजूंचे मार्ग वेगळे राहतील आणि खड्ड्यावरून जाताना गाडी आपोआप वळेल.

मोजमापाइतकेच चासीचे स्वतःचे पुरावे वाचा. पावडर कोटिंगला नळीवर आडव्या, एकमेकींना समांतर बारीक भेगा पडल्या असतील तर तिथे नळी वाकली होती, मग ती आत्ता सरळ दिसो वा न दिसो. नळ्यांवर चिकटवून रिव्हेट केलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे फार बोलके असतात. रिव्हेटचं भोक लांबट झालं आहे, रिव्हेटच्या डोक्याभोवती काळसर राख दिसते आहे, सीलंटची रेघ तुटली आहे, म्हणजे त्या चौकटीने कात्रीसारखी हालचाल केली आहे. असे पत्रे काढा आणि खालच्या सांध्यांचं कोटिंग उतरवून डाय पेनिट्रंटने (भेगेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. केसासारखी भेग वेल्डवर नव्हे, वेल्डच्या काठाला लागून सापडते. उष्णतेने धातू बदललेला असतो तो तिथे.

वाकून मोडा पडलेली नळी सरळ करायची नसते, बदलायची असते. तिथला धातू एकदा ताणला आणि एकदा दाबला गेलेला आहे, तो पूर्वीचा राहिलेला नाही. बदलताना नळी मध्येच न जोडता सांध्यापासून सांध्यापर्यंत नवी घाला. मध्येच जोड देणं अटळ असेल तर आत बाही घालून, कडेला भोकं पाडून तिथेही वेल्ड करून द्या. आणि कापण्याआधी तात्पुरते आधार वेल्ड करा, किंवा बिंदू जिगमध्ये (जागा पक्की धरणाऱ्या चौकटीत) पकडा. अपघातानंतर चासीत ताण अडकून बसलेला असतो. आधार न देता नळी कापली की बाकीची चासी जागच्या जागी उसळते, आणि तुमचे एवढे मोजलेले बिंदू गेले म्हणून समजा. नवी नळी आधी सगळीकडे टिपक्यांनी धरा, पुन्हा मोजा, मग आलटून-पालटून समोरासमोरच्या बाजूंनी थोडं थोडं टिग वेल्डिंगने भरा, मध्ये थंड होऊ द्या.

शर्यतीच्या माणसाला इथे आणखी एक मोह होतो: जाड नळी घालायची, एखादा तिरका आधार वाढवायचा, पुढचा भाग ‘मजबूत’ करायचा. तसं करू नका. पुढच्या नळ्या तुमच्या पायांच्या आधी चेपल्या जाव्यात यासाठी आहेत. मूळ व्यासाची, मूळ जाडीची, मूळ धातूची नळी घाला. नाक ताठ केलंत तर पुढच्या वेळी धक्का न जिरता थेट पेडलबॉक्सपर्यंत येईल, आणि मिड-इंजिन गाडीत तुमचे पाय पुढच्या चाकांच्या रेषेच्या फार मागे नसतात.

इतकं झालं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. इजा पुढच्या चौकटीपुरती असेल आणि डॅशखालच्या बल्कहेडचे चारही कोपरे खरे असतील, तर गाडी निश्चित वाचवण्यासारखी आहे. बल्कहेडच पिळला गेला असेल, मध्यभागाच्या दोन्ही बाजूंच्या उंचीत फरक येत असेल, तर दुरुस्ती सोडा. त्याच नमुन्याची चासी मिळते का ते बघा, नाही तर भाग विकून मोकळे व्हा. पिळलेला मध्यभाग ओढून सरळ करणाऱ्यांचं काम मी पाहिलं आहे. मापं बरोबर येतात, पण नळ्यांमधला ताण तसाच राहतो आणि काही हजार मैलांत सांधे फुटायला लागतात.

बॉडीबद्दल थोडक्यात, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि इथेच सगळ्यात कमी धोका असतो. तुटलेल्या फायबरवर वरून पुटी भरू नका. जेलकोटमध्ये (फायबरच्या वरच्या चकचकीत थरात) कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसते तिथे खालचे थर सुटलेले असतात. नाण्याने ठोकत जा. आवाज बद्द येतो तिथपर्यंत घासून चांगला थर गाठा. कडा लांब उतरत्या करा, जाडीच्या बारा पट तरी, आणि शक्य तितकी दुरुस्ती आतून करा. नंतर जेलकोट करायचा असेल तर पॉलिएस्टरच वापरा, कारण इपॉक्सीवर पॉलिएस्टर जेलकोट नीट धरत नाही. रंग घाईने मारू नका. रेझिन पूर्ण पिकायच्या आत रंग दिला तर दुरुस्तीची कड उन्हात वर उमटते. फायबरची धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. मास्क चांगला घ्या. आणि बॉडीच्या फटी सारख्या आल्या म्हणजे चासी सरळ झाली असं समजू नका. फायबर वाकवून कशावरही बसवता येतं.

डाव्या पुढच्या कोपऱ्याचं काय ठेवायचं? काहीही नाही. विशबोन, अपराइट (चाकाचा हब धरणारा उभा भाग), हब, बेअरिंग, ट्रॅकरॉड (स्टीअरिंगचा दांडा), डॅम्पर (शॉक अब्सॉर्बर), त्या कोपऱ्यातला प्रत्येक बोल्ट आणि रॉडएंड, सगळं नवं. बेअरिंग हाताने फिरवून गुळगुळीत वाटलं तरी धक्क्याने आतल्या कड्यावर गोळ्यांचे ठसे उमटलेले असतात, आणि ते काही महिन्यांनी आवाज करायला लागतं. स्टीअरिंग रॅकचा विसर पडू देऊ नका. डाव्या चाकाला लागलेला धक्का ट्रॅकरॉडमधून थेट रॅकच्या दांड्यात गेला आहे. रॅक सुटा करून या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवा. मध्येच कुठे जड लागला तर दांडा वाकला आहे. कॉलमचे सांधेही तपासा. चारही चाकं डायल गेजवर फिरवून आतल्या कडेने बघा, मिश्रधातूच्या चाकाची भेग बहुधा आतल्या बाजूला असते.

रॉडएंडबद्दल थोडं जास्त सांगतो. ट्रॅकच्या गाडीत ते दर काही शर्यतींनी बदलले जातात. रस्त्यावर त्यांना वाळू, पाणी आणि ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खावं लागतं. सगळ्यांना रबरी टोप्या घाला, शक्य असेल तिथे बंद प्रकारचे सांधे वापरा, आणि दोन्ही बाजूंना मोठा वॉशर द्या, म्हणजे सांधा झिजून गोळा निसटला तरी विशबोन बोल्टवरून सुटणार नाही. बोल्टचं नुसतं खोड भार घेईल, आटे नाहीत, अशी लांबी निवडा. दुकानात चकाकणारे १२.९ श्रेणीचे बोल्ट दिसले म्हणून घेऊ नका. इतक्या कठीण बोल्टला झिंकचा मुलामा चुकीच्या रीतीने दिला तर हायड्रोजनमुळे तो ठिसूळ होतो आणि काहीही इशारा न देता तुटतो. मूळ आराखड्यातली श्रेणी पाळा, खात्रीच्या पुरवठादाराकडून घ्या. एक्झॉस्टजवळ नायलॉनचा लॉकनट नको, तिथे पूर्ण धातूचा हवा.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर भाग: केज आणि हार्नेस. ट्रॅकवर तुमच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मानेला हॅन्सचा, म्हणजे हेल्मेटला बांधलेल्या खांद्यांवरच्या चौकटीचा, आधार असतो. रस्त्यावर दोन्ही नसतात. तीच लोखंडी नळी, जी ट्रॅकवर तुमचा जीव वाचवते, ती उघड्या डोक्यापासून काही सेंटिमीटरवर असेल तर छोट्या अपघातातही जीव घेऊ शकते. पूर्वीच्या मालकाने जास्तीचा केज घातला असेल तर रस्त्यावरच्या सीटमध्ये बसून, पट्टा बांधून, डोकं पुढे, बाजूला, तिरकं नेऊन बघा. दरवाजाच्या वरच्या आडव्या नळीपर्यंत डोकं पोहोचत असेल तर तो भाग काढा. मूळ रोलओव्हर नळी ठेवा आणि डोक्याच्या आवाक्यात येणाऱ्या प्रत्येक नळीवर एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) दर्जाचं कडक पॅडिंग लावा. पाइपवर घालतात तो मऊ फोम तिथे काही कामाचा नाही, तो दाबला जाऊन संपतो.

अपघातात वापरात असलेला हार्नेस कापून टाका. तो ताणला गेलेला आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नवा घेताना रस्त्यासाठी मान्यता असलेला तीन-बिंदू पट्टाच घ्या असा माझा आग्रह आहे. चार-बिंदूंच्या हार्नेसमध्ये दोन्ही पायांमधून येणारा पट्टा नसल्यामुळे धक्क्यात शरीर खाली सरकतं आणि पोटावर ताण येतो. सहा-बिंदूंचा बांधला तर खांदे घट्ट धरले जातात, पण आधार नसलेलं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा भार मानेवर येतो. शिवाय घट्ट हार्नेसमध्ये चौकात वाकून डावी-उजवी बघता येत नाही, आणि या गाडीतून आधीच बाहेरचं कमी दिसतं. टाकीत इंधनाची रबरी पिशवी असेल तर तिच्यावरची तारीख वाचा. एफआयएच्या पिशवीची मुदत पाच वर्षांची असते.

ब्रेकचं गणित ट्रॅकच्या नेमकं उलट आहे. रेसचा पॅड गरम झाल्यावर धरतो. रस्त्यावर तुम्ही वीस मिनिटं ब्रेकला हात न लावता चालाल आणि मग अचानक पूर्ण जोर लागेल. तो पहिला, थंड दाब धरला पाहिजे, म्हणून पॅड रस्त्याचे. या गाडीचं वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे रस्त्याच्या पॅडने ब्रेक कमी पडतील ही भीती बाळगू नका. ब्रेक ऑइल रेसचं नको, ते लवकर पाणी शोषतं. डॉट ५.१ घ्या: नवं असताना उकळबिंदू किमान २६० अंश, पाणी शोषल्यावरही किमान १८० अंश सेल्सिअस. साध्या डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण बदलणारी घुंडी ड्रायव्हरच्या हाताशी असेल तर ती काढा आणि प्रमाण कायमचं अडकवून टाका. आयव्हीएलाही ती हाताशी चालत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर पुढची चाकं आधी अडकली (लॉक झाली) पाहिजेत. मागची आधी अडकली तर तुम्ही सांभाळाल, दुसरा कोणी सांभाळणार नाही. हँडब्रेक यांत्रिक हवा आणि तो चढावर गाडी खरोखर धरतो का ते बघा. ट्रॅकच्या गाड्यांत तो बहुधा काढलेला किंवा मेलेला असतो.

टायर रस्त्याचे, मान्यतेची खूण असलेले. रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागावर, सगळ्या घेरात, किमान १.६ मिलिमीटर नक्षी हा कायदा आहे. इतक्या रुंद टायरवरच्या हलक्या गाडीत मी त्याच्या दुप्पट उरली की बदलायचा विचार सुरू करतो, कारण साचलेल्या पाण्यावर हलकी गाडी लवकर तरंगते.

स्प्रिंग आणि डॅम्पर मऊ करा. तुम्हाला आधी आवडणार नाही, स्टीअरिंग ढिलं झालं असं वाटेल. पण खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगची गाडी हवेत असते, आणि हवेतलं चाक ना वळतं ना थांबतं. महत्त्वाचा आहे तो खाली जाण्याचा प्रवास: चाकाला खड्ड्यात उतरायला जागा हवी. ट्रॅकचा तीन अंशांचा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) एक-सव्वा अंशावर आणा, पुढे किंचित टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) द्या म्हणजे गाडी सरळ धरून चालेल. स्प्रिंग काढून चाक पन्नास मिलिमीटर वर आणि पन्नास खाली नेऊन टो किती बदलतो ते मोजा. चासीची दुरुस्ती खरी झाली की नाही याची ही शेवटची परीक्षा आहे. डावा आणि उजवा आलेख एकसारखा आला पाहिजे. मग स्वतःला सीटवर बसवून चारही कोपऱ्यांचं वजन करा आणि तिरक्या जोड्या जुळवा.

इंजिन ‘शाबूत दिसतं’ एवढ्यावर सुरू करू नका. अपघातानंतर ते काही वेळ कलत्या अवस्थेत, तेलाशिवाय फिरलं असेल का? ऑइल फिल्टर कापून कागद पसरा आणि धातूचे कण शोधा. प्लग काढून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. सिलिंडर एंडोस्कोपने बघा. इंजिन आणि ट्रान्सअ‍ॅक्सल जिथे अ‍ॅडॅप्टरने जोडलेले आहेत तिथल्या माउंटच्या कानांवर केसाएवढ्या भेगा शोधा. पुढून बसलेला धक्का मागे बसलेल्या जड वजनाला पुढे ढकलतो आणि तो ताण याच कानांवर येतो. ड्राइव्हशाफ्टचे बूटही बघून घ्या.

पाणी आणि वीज या दोन गोष्टी अशा गाड्यांना रस्त्यावर सगळ्यात जास्त थांबवतात. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांब नळ्या. नाकाला धक्का बसला म्हणजे त्या नळ्या चेपल्या असण्याची शक्यता धरा. भरताना हवा अडकते, म्हणून एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्याला हवा सोडायची सोय हवी. ट्रॅकवर वाऱ्याने भागतं. रस्त्यावर वाहतुकीत उभं राहून अर्धा तास इंजिन चालू ठेवा आणि पंखे तापमान खाली आणतात का ते पाहा. वायरिंगमध्ये फायबरची बॉडी अर्थिंग देत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थिंगची तार हवी. चासीवर अर्थिंग घेताना पावडर कोटिंग घासून धातू उघडा करा. ट्रॅकसाठी काढलेले वायपर, काचेवर गरम हवा सोडणारा ब्लोअर, हॉर्न, मागचा फॉगलाइट परत लावा. ब्लोअर चैनीचा नाही. या बुटक्या केबिनची काच पावसात काही मिनिटांत आतून धुकटते.

शेवटी चालवणं. प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने आवळून त्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे हलला तर दिसेल. एमओटी आणि विमा झाल्यावर पहिली फेरी बंद आवारात, चालण्याच्या वेगाने. मग हळूहळू वाढवत जाऊन मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन बोटांनी स्टीअरिंग धरून ब्रेक दाबा. मुद्दाम दोन बोटांनी, म्हणजे तुमचे हात दोष झाकू शकणार नाहीत. गाडी ओढते का ते तेव्हा कळेल. पहिल्या पन्नास मैलांनंतर सगळं पुन्हा आवळा, अलाइनमेंट पुन्हा मोजा. दोनशे मैलांनंतर पुन्हा. आकडे सरकले असतील तर चासीत किंवा ब्रॅकेटमध्ये काहीतरी अजून बसतं आहे, आणि ते सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका.

त्यानंतर गाडी अशा माणसाला द्या जो शर्यत चालवत नाही, पण नीट आणि शांत चालवतो. तुम्ही शेजारी बसा आणि गप्प राहा. त्याला ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबू द्या, खडबडीत वळण घेऊ द्या, उतारावर मध्येच थ्रॉटल सोडू द्या. त्याचे हात कुठे घट्ट होतात ते बघा आणि घरी येऊन त्या जागा लिहून काढा. पुढच्या आठवड्याची कामं त्या कागदावरून ठरवा.